तुरुंग आणि महारोग : काही शब्दांची झडती

प्रथम वर्षाच्या वर्गात अर्ज भरून घेत होतो. एका मुलीने पत्त्याच्या रकान्यात 'सेटलमेंट फ्री कॉलनी, सोलापूर' असे लिहिले आणि मान वर करून विचारले, "सर, यातलं फ्री म्हंजे काय? फुकट का?" वर्गात हशा पिकला. तीही हसली. मी मात्र हसू शकलो नाही. ज्या शब्दाने तिच्या आजीला, पणजीला काटेरी तारेच्या आत ठेवले होते आणि ज्या शब्दाने त्यांना बाहेर सोडले, ते दोन्ही शब्द ती रोज पत्ता म्हणून लिहीत होती आणि दोहोंचा अर्थ तिला कोणी सांगितला नव्हता. दोष तिचा नाही. आम्ही भाषा शिकवणारी माणसे व्युत्पत्ती शिकवतो ती पंकज आणि जलद यांची.

त्या प्रश्नाने मला एका जुन्या कामाकडे परत नेले. तुरुंगासंबंधीचे आणि रोगासंबंधीचे जुने मराठी शब्द मी काही वर्षे टिपून ठेवीत होतो. वरवर पाहता हे दोन विषय वेगळे. एक कोर्टकचेरीचा, दुसरा दवाखान्याचा. पण शब्द शेजारी शेजारी मांडले की दोहोंच्या मुळाशी एकच व्यवहार दिसू लागतो. काही माणसे बाजूला काढायची, कोंडायची, आणि ती कोंडण्याच्याच लायकीची होती हे त्यांच्या नावातच लिहून ठेवायचे. कायदे रद्द होतात, नावे राहतात.

'तुरुंग' हा शब्द आपल्याला इतका घरचा वाटतो की तो परका आहे हे सांगितल्यावर विद्यार्थी विश्वास ठेवीत नाहीत. तो पोर्तुगीजांच्या 'त्रोंको' या शब्दावरून आला. मूळचे गोव्याचे भाषापंडित मोन्सेन्योर दालगादो यांनी आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांवर १९१३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याची नोंद आहे. हाच शब्द मलय भाषेत 'तेरुंगकू' होऊन बसला आहे. पोर्तुगीज गलबते जेथे जेथे गेली तेथे तेथे वखार, चर्च आणि त्रोंको यांची स्थापना झाली, असे म्हणायला हरकत नाही. आता 'त्रोंको'चा मूळ अर्थ काय? झाडाचे खोड. जाड ओंडका चिरायचा, त्याला पाय अडकतील एवढी भोके पाडायची आणि माणसाचे पाय त्यात घालून तो बंद करायचा. त्या लाकडाचे नाव पुढे त्या जागेला मिळाले.

हे वाचले तेव्हा मी थांबलो, कारण आपल्याकडे त्याच लाकडाला 'खोडा' म्हणतात, आणि तो शब्दही खोडावरूनच झालेला आहे. समुद्रापलीकडच्या भाषेने आणि आपल्या भाषेने एकमेकींना न विचारता एकाच ओंडक्यावरून शब्द घडवला. गावोगावच्या चावडीत खोडा असे. आज तो फक्त वाक्प्रचारात उरला : 'कामात खोडा घालू नकोस.' ज्यांच्या पायात तो खरोखर घातला गेला त्यांच्या वंशजांनाही हे वाक्य बोलताना काही आठवत नाही. जाता जाता एक सांगून ठेवतो. 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' यातली 'खोड' निराळी. झाडाचे खोड नपुंसकलिंगी, सवयीची खोड स्त्रीलिंगी. पण ही म्हण विसरू नका. पुढे आपल्याला एक कायदा भेटणार आहे, त्याचे सगळे तत्त्वज्ञान या एका म्हणीत मावते.

बाकीचे शब्द भराभर पाहू. 'कैद' अरबी, मूळ अर्थ बेडी, बंधन. 'जेल' इंग्रजीतून आला आणि त्याचे मूळ लॅटिनमधल्या पिंजऱ्याच्या शब्दात आहे. 'कोठडी' ही कोठ्याची धाकटी बहीण. कोठा, कोठी, कोठार हे सगळे संस्कृत 'कोष्ठ'पासून झाले, आणि 'कोठा जड झाला' म्हणतो तेव्हा पोटातला कोठाही तोच. धान्य ठेवायची खोली आक्रसत माणूस ठेवायची खोली झाली. 'जामीन' म्हणजे आज आपण कागद समजतो, पण अरबीत 'झामिन' म्हणजे हमी देणारा माणूस. गरिबांच्या बाबतीत हा जुना अर्थच अजून चालू आहे. जामीन मंजूर होतो पण जामीन राहणारा माणूस मिळत नाही, म्हणून पोरगा आतच. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी तीन कैदी 'कच्चे' होते, म्हणजे त्यांचा निकाल लागायचा होता. 'कच्चा कैदी' या शब्दातच गृहीत आहे की तो पिकणार.

'शिक्षा' या शब्दाजवळ मात्र मला थोडे रेंगाळावेसे वाटते. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणे, शिकवणे. हिंदीत आजही शिक्षामंत्री असतो. मराठीने मात्र वाटणी करून टाकली : शिक्षण एकीकडे आणि शिक्षा दुसरीकडे. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या या धातूचा फक्त दुसराच अर्थ पोचला, त्यांतला मी एक. आमच्या घरी 'शिक्षण' हा शब्द माझ्या निमित्ताने आला, 'शिक्षा' त्याआधीची.

'गुन्हा' हा फारसी शब्द. त्या भाषेत 'गुनाह' म्हणजे पाप. 'बदमाश' म्हणजे बद + मआश. मआश म्हणजे उपजीविका, पोट भरण्याचे साधन. तेव्हा बदमाश म्हणजे मुळात दुष्ट मनुष्य नव्हे. ज्याचे पोट भरण्याचे साधन धड नाही तो. पोटाच्या साधनाचा दोष चारित्र्याचा दोष कसा होतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. त्याच्या शेजारी 'सराईत' ठेवा. सराईत म्हणजे सरावलेला, कुशल. सराईत वादक म्हटले तर गौरव, पण हल्ली हा शब्द 'गुन्हेगार' या शब्दाला सोडून फारसा कोठे जात नाही. गरिबाच्या पोटाला नाव ठेवले, गरिबाच्या हातातल्या कौशल्यालाही ठेवले.

आता त्या कायद्याकडे येऊ. १८७१ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षीचा पहिलाच कायदा गुरांच्या अतिक्रमणाचा. मोकाट जनावरे धरून कोंडवाड्यात घालण्याची तरतूद त्यात होती. त्याच वर्षीचा सत्ताविसावा कायदा गुन्हेगार जमातींचा. फिरत्या गुरांसाठी एक, फिरत्या माणसांसाठी एक. हा योगायोग असेल. पण दया पवारांनी १९७४ मध्ये आपल्या कवितासंग्रहाला 'कोंडवाडा' हे नाव दिले तेव्हा मराठी वाचकाला ते रूपक वाटले. तारेच्या आत राहिलेल्यांना त्यात रूपक वाटण्याचे कारण नव्हते.

१८७१ च्या कायद्यात सरकारने जमातीबद्दल काय तपासावे ते लिहिले आहे. या जमातीला काही कायदेशीर धंदा आहे काय, आणि असल्यास तो खरा आहे की चोरी करण्यासाठी घेतलेले सोंग आहे? म्हणजे पुन्हा मआश. अमुक माणसाने अमुक चोरी केली काय, हा प्रश्नच नाही. जित्याची खोड हे गृहीतच. एकदा जमात 'गुन्हेगार' म्हणून जाहीर झाली की त्या जमातीतले पाळण्यातले मूलही त्यात आले. मुंबई इलाख्यात हा कायदा १९११ च्या सुधारणेने आला, १९२४ मध्ये पुन्हा नवा करण्यात आला, आणि त्याखाली ज्या मोठ्या वसाहती उभ्या राहिल्या त्यांतली एक आमच्या सोलापुरात. कैकाडी, पारधी, मांग-गारुडी, कंजारभाट, भामटा अशा जमातींची कुटुंबे येथे आणून ठेवली. सोलापूर निवडण्यामागे हिशेब होता. येथे कापडाच्या गिरण्या होत्या आणि गिरण्यांना हात पाहिजे होते. तारेच्या आतल्या मजुराला पळून जाता येत नाही, ही गोष्ट मालकांच्याही पथ्यावर पडत होती.

या वसाहतीने सोलापूरच्या बोलीला शब्द दिले. 'हजेरी' हा शब्द अरबी 'हाजिर'वरून आला. आपल्याला तो शाळेतला वाटतो. वसाहतीत हजेरी म्हणजे ठरल्या वेळी उभे राहून आपण पळालेलो नाही हे सिद्ध करणे. 'पास' म्हणजे परीक्षेतला नव्हे. तारेबाहेर पाऊल टाकण्याची परवानगी. आणि 'फ्री' म्हणजे ज्यांची 'वर्तणूक सुधारली' असे साहेबाला वाटले, त्यांना कुंपणाबाहेर राहण्यासाठी दिलेली जागा. ती फ्री कॉलनी. फुकट काही नव्हते त्यात. आतल्याला आत आणि बाहेरच्याला बाहेर अशी दोन नावे देण्यात एक चतुराई होती. आतला माणूस बाहेरच्या आपल्याच भावाचा हेवा करी, आणि बाहेरचा पुन्हा आत जाण्याच्या भीतीने मान खाली घाली.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा देशभर रद्द झाला; त्या दिवसापासून या जमाती 'विमुक्त' म्हणवल्या गेल्या. पण १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा झाला, आणि जमातीची पाटी पुसून व्यक्तीची लावली गेली. पाटी लावणारे हात आणि पाटी ज्यांच्या गळ्यात पडे ती माणसे फारशी बदलली नाहीत. आणखी एक तपशील आपल्या चळवळीच्या वाचकांनी ध्यानात ठेवावा. १९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीचा विचार करण्यासाठी जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष ओ. एच. बी. स्टार्ट हे गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचा कारभार पाहिलेले अधिकारी होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या समितीचे सदस्य होते. गावकुसाबाहेरचा माणूस आणि तारेच्या आतला माणूस, दोघांची कागदपत्रे सरकारने एकाच टेबलावर ठेवली होती. आपण अजून त्यांचे प्रश्न वेगवेगळ्या मेळाव्यांत मांडतो.

जमातींच्या नावांचे काय झाले तेही पाहिले पाहिजे. 'भामटा' हे जमातीचे नाव. कोशात त्याचा अर्थ ठग. 'बेरड' हे जमातीचे नाव. बोलण्यात त्याचा अर्थ निगरगट्ट. शुद्ध मराठीचा आग्रह धरणारे संपादकही मथळ्यात 'भामट्याने गंडा घातला' असे निःशंकपणे छापतात. 'उचल्या' हा शब्द लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ मध्ये आपल्या आत्मकथनाच्या पानावर लावला तेव्हा तो शिवीतून साक्ष झाला. याच 'उचल'पासून आमच्या जिल्ह्यात दुसरा शब्द आहे. ऊसतोड मजूर मुकादमाकडून हंगामाआधी जी रक्कम घेतो ती 'उचल', आणि ती फिटेपर्यंत तो बांधलेला. तसाच 'फास'. फासे लावून तितर धरणारा तो फासेपारधी, आणि दोर गळ्यात घालून सरकार देते ती फाशी. दोन्ही संस्कृत 'पाश'पासून. सोलापूरच्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिले, तेव्हा तो शब्द शहराने मस्तकी धारण केला आणि ते योग्यच केले. त्याच काळात त्याच शहरात तारेच्या आत असलेल्यांच्या बंदिवासाला मात्र 'तुरुंगवास भोगला' असे कोणी म्हटले नाही.

येथपर्यंत तुरुंग झाला. रोगाकडे जाण्याचा रस्ता मनुस्मृतीतून जातो. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जी जाळली तीच. तिच्या अकराव्या अध्यायात कोणत्या पापाला कोणता रोग याची यादीच दिली आहे. ब्रह्महत्या करणाऱ्याला क्षय, वस्त्र चोरणाऱ्याला कोड, घोडा चोरणाऱ्याला पांगळेपण. म्हणजे रोग हा मागल्या जन्मीच्या गुन्ह्याचा शरीरावर लिहिलेला निकाल. चौकशी नाही, साक्षीदार नाही. शरीर हाच पुरावा. १८७१ च्या कायद्यात जन्म हा पुरावा होता. साहेबाने आणि स्मृतिकाराने एकमेकांकडून उसने घेतले असे मी म्हणत नाही. पण साहेबाचा कायदा आमच्या समाजाला परका वाटला नाही, त्याचे कारण येथे आहे.

'महारोग' या शब्दावरून एकदा तासाला मागच्या बाकावरून प्रश्न आला : "सर, महारोग म्हणजे महारांचा रोग का?" विचारणारा मुलगा टवाळ नव्हता. त्याच्या गावात असे समजत होते आणि तो स्वतः आमच्याच वस्तीतला होता. मी फळ्यावर लिहिले : महा + रोग. मोठा रोग, एवढेच. जुन्या वैद्यकात आठ 'महागद' सांगितले आहेत. वातव्याधी, प्रमेह, कुष्ठ, मूळव्याध, भगंदर, मुतखडा, आडलेला गर्भ आणि उदर. गद म्हणजे रोग. बरे करण्यास कठीण म्हणून ते 'महा'. त्यांत मूळव्याध होती आणि मधुमेहाच्या जातीचा प्रमेहही होता. आज मधुमेही गृहस्थ सभेत अध्यक्षस्थानी बसतो आणि त्याला कोणी महारोगी म्हणत नाही. आठांतले सात रोग त्या शब्दातून सुटले, एकटे कुष्ठ आत राहिले. फोड करून दाखवल्यावर त्या मुलाचा चेहरा सैल झाला. पण ती चूक त्याच्या मनात कशी शिरली असेल? ज्याला शिवायचे नाही असा रोग आणि ज्याला शिवायचे नाही असा माणूस, हे दोन्ही गावाने एकाच सुरात उच्चारले, म्हणून.

'कुष्ठ'चेच प्राकृतातून येत येत 'कोड' झाले. हिंदीत त्याचा 'कोढ़' झाला आणि तो कुष्ठरोगच राहिला. मराठीत कोड म्हणजे त्वचेवरचे पांढरे डाग. ते डाग कोणाला लागत नाहीत, दुखत नाहीत. तरी कोड असलेल्या मुलीचे लग्न अडते. तिच्या अंगावर रोगाचा नव्हे, शब्दाच्या वंशावळीचा डाग आहे. खेड्यात कुष्ठरोगाला 'रगतपिती' म्हणतात. वैद्यकातले 'रक्तपित्त' मात्र रक्तस्रावाचा अगदी निराळा विकार. याउलट क्षयाला 'राजयक्ष्मा' असे राजेशाही नाव आहे. गिरणी कामगारांच्या आणि विडी वळणाऱ्या बायांच्या घरांत तो खोकत राहिला, नाव मात्र राजाचे.

नॉर्वेच्या हॅन्सेनने कुष्ठरोगाचे जंतू १८७३ मध्ये पाहिले. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १८९८ मध्ये, आपल्याकडे कुष्ठरोग्यांचा कायदा आला. त्यात पोलिसाला वॉरंटाशिवाय पकडण्याचा अधिकार होता, पण सगळ्या कुष्ठरोग्यांना नव्हे. जो उघड्यावर भीक मागतो, जखमा दाखवतो, किंवा ज्याला उपजीविकेचे दिसणारे साधन नाही, अशाच 'कंगाल' रोग्याला. बंगल्यातला रोगी घरी राहू शकत होता. तिसऱ्यांदा तोच प्रश्न : तू जगतोस कशावर? बदमाश, गुन्हेगार जमात, कंगाल कुष्ठरोगी, तिघांनाही तोच विचारला गेला. तिघांच्या उत्तरादाखल सरकारने जे उभे केले त्याला मराठीत एकच शब्द आहे : वसाहत. गुन्हेगारांची वसाहत, कुष्ठरोग्यांची वसाहत, आणि साहेबांनी सातासमुद्रापलीकडे जे बळकावले तीही वसाहतच.

आज कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो. हा रोग घटस्फोटाचे कारण मानण्याची तरतूद २०१९ मध्ये कायद्यातून काढली. मग 'महारोगी' हा शब्द टाकून द्यावा काय? माझे मत टाकावा असेच आहे. पण बाबा आमट्यांनी वरोऱ्याला ज्या संस्थेतून काम केले तिचे नाव महारोगी सेवा समिती, आणि त्या समितीने माणसांना जेथे राहायला नेले त्या जागेचे नाव आनंदवन. एकाच कामात जुना शब्द कागदावर राहिला आणि नवा शब्द माणसांच्या पत्त्यावर आला. सेटलमेंटच्या रहिवाशांच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

'संसर्ग' या शब्दाबद्दल लिहिल्याशिवाय हा लेख संपवता येत नाही. संसर्गजन्य रोग हे आपण शास्त्रीय भाषेत बोलतो. पण मनुस्मृतीच्या त्याच अकराव्या अध्यायात महापातके सांगताना चार पापांनंतर पाचवे येते ते संसर्ग, म्हणजे पापी माणसाशी संबंध ठेवणे. जंतू सापडण्याच्या कितीतरी आधी हा शब्द माणसांना दूर ठेवण्याचे काम करीत होता. म्हणून २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत 'सामाजिक अंतर पाळा' असे फलक लागले तेव्हा आपल्यातल्या अनेकांना तो शब्द टोचला. सामाजिक अंतर तर आम्ही शतकानुशतके सोसत होतो. पाहिजे होते ते शारीरिक अंतर, तेही तात्पुरते. ज्या कायद्याच्या आधारे टाळेबंदीचे हुकूम निघाले तो १८९७ चा, प्लेगच्या काळातला. घरी अलग राहायला सांगितलेल्यांच्या डाव्या हातावर महाराष्ट्रात न पुसणाऱ्या शाईचे शिक्के मारले गेले. सुशिक्षित मध्यमवर्गाला ती शाई फार अपमानाची वाटली. गुन्हेगार जमातींच्या नोंदवहीत बोटांचे ठसे देताना हाताला लागलेल्या शाईबद्दल त्या वर्गाने कधी काही लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

खेड्यांनी साथीवर वेगळा उपाय काढला होता. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा. तेथून पुढच्या गावाने तो पुढे ढकलायचा. गाडा ओढायला, देवीपुढे अंगावर आसूड ओढून घ्यायला माणसे महार-मांगांची. रोग ज्यांच्या अंगावरून बाहेर काढायचा, त्यांनाच पुन्हा रोगाची जागा समजायचे. 'साथ' हा शब्द सोबतीचाही आहे. व्यापाऱ्यांच्या तांड्याला 'सार्थ' म्हणत, त्यावरून. पण शिवेपर्यंत सोबत करून परत येणाऱ्यांना गावाने सोबती मानले नाही.

आणि हे सगळे जुने झाले असे कोणाला वाटत असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा ३ ऑक्टोबर २०२४ चा निकाल वाचावा. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर तो दिला गेला. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत झाडलोट कोणी करायची आणि स्वयंपाक कोणी करायचा हे जातीवरून ठरत होते. विमुक्त जमातींच्या कैद्यांकडे स्वभावतःच सराईत म्हणून पाहणारे शब्दही काही ठिकाणी होते. न्यायालयाने ते नियम घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले. हे रद्द करायला प्रजासत्ताकाला चौऱ्याहत्तर वर्षे लागली. आमच्या राज्यातल्या खात्याच्या नावात आता 'सुधारसेवा' हा शब्द आहे. चांगला शब्द आहे. सेटलमेंट चालवणारेही 'सुधारणा' हाच शब्द वापरीत.

पुढच्या तासाला मी त्या मुलीला 'फ्री'चा अर्थ सांगितला. ती काही बोलली नाही. दोन दिवसांनी वही घेऊन आली. आजीला विचारले होते. आजीचा जन्म आतला. आजी सेटलमेंट म्हणत नाही, वसाहत म्हणत नाही. ती नुसते 'तार' म्हणते. 'तारंत असताना', 'तारंभाईर आल्यावर', 'तारंतली सोयरीक'. वहीत असे अकरा शब्दप्रयोग होते. मी घरी येऊन कोश काढला आणि 'तार' उघडून पाहिले. धातूची तार आहे, टपालाची तार आहे, वाद्याची तार आहे. हा अर्थ नाही. त्या मुलीला मी सांगितले आहे की आजीकडून आणखी लिहून आण, आणि प्रत्येक शब्दापुढे तो कोणाकडून ऐकला तेही लिही.